मधल्या खोलीतली मुलाखत

१

रोज दुपारी जेवण झालं की महेंद्र साहेब व्हायचा.

हातखंब्याच्या तिठ्यावरच्या पंक्चरच्या दुकानातून तो घरी यायचा, हाताचं काळं रॉकेलने पुसायचा, आणि ताटावरून उठला रे उठला की त्याची ताई, आम्रपाली, त्याला मधल्या खोलीत ढकलायची. तिथे आईचं शिलाई मशीन होतं. मशीन म्हणजे साहेबाचं टेबल. मशीनमागची खुर्ची साहेबाची, समोरचं प्लॅस्टिकचं स्टूल उमेदवाराचं. ताई स्वतः पडवीतल्या बाकड्यावर जाऊन बसायची. ओढणी नीट करून, गुडघे जुळवून, जसं काही ते बाकडं मुंबईतल्या कुठल्या उंच इमारतीत होतं आणि समोर कुत्रा नव्हे तर काचेचा दरवाजा होता.

ताई ज्या नोकरीसाठी तयारी करत होती ती एका मोठ्या सल्लागार कंपनीतली होती. कंपनी म्हणजे काय करते ते तिने महेंद्रला समजावून सांगितलं होतं.

"म्हणजे लोकांच्या दुकानात जायचं, त्यांनाच अक्कल शिकवायची, आणि वर पैसे घ्यायचे?" महेंद्र म्हणाला.

"तसंच समज."

"मग शेठला पण लागतील असले. आमच्याकडे अकलेचा तुटवडाच आहे."

"तुमचा शेठ पहिला तुलाच काढेल. आमचं काम तेच असतं बहुतेक. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं."

महेंद्र नववीला दोनदा बसून उठला होता. इंग्रजी त्याला गाड्यांच्या मागे लिहितात तेवढंच येत होतं. ताई उत्तरं द्यायची ती त्याच्या डोक्यावरून जायची. पण तिला त्याचंच डोकं हवं होतं. तिने त्याच्याकडून मोजकी वाक्यं पाठ करून घेतली. कम इन. सिट डाउन. टेल मी अबाउट युवरसेल्फ. शेवटी थँक यू. आणि एक खास वाक्य, त्याच्यावर सगळी भिस्त होती. सो व्हॉट?

"म्हणजे काय?"

"म्हणजे, मग त्याचं काय? मी बोलत असताना माझं तोंड बघायचं. माझं मलाच बरं वाटतंय असं दिसलं, की लगेच म्हणायचं. हसायचं नाही. दया दाखवायची नाही. आणि टकटक केली की लगेच आत घ्यायचं नाही मला. थांबवून ठेवायचं. तिथे असंच करतात."

सुरुवातीला त्याला जमायचं नाही. ताईने दार वाजवलं की तो "ये गो" म्हणून मोकळा व्हायचा. मग हळूहळू जमायला लागलं. ती बाहेर उभी असायची आणि तो आत मशीनच्या पायडलवर पाय टाकून उगाच चाक फिरवत बसायचा. खटर खटर, खटर खटर. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "अरे धागा नाय त्यात, सुई मोडशील!" आणि बाहेर ताईला हसू आवरायचं नाही.

महिनाभरात ती हसायची थांबली. महेंद्रही चांगला साहेब झाला. एकदा त्याने एवढं ताणून सो व्हॉट म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून ती म्हणाली, "असंच. असंच पाहिजे."

२

मुलाखतीची शेवटची फेरी घरूनच व्हायची होती, लॅपटॉपवर. त्या फेरीला आठवडा राहिला असताना ताई सकाळी म्हणाली की डोकं दुखतंय. दुपारी म्हणाली की मशीनची कड दोन-दोन दिसतेय. वाडीतल्या एकाच्या रिक्षातून तिला रत्नागिरीला नेलं. रिक्षात ती महेंद्रच्या मांडीवर डोकं ठेवून इंग्रजीत काहीतरी सांगत होती, अगदी मुद्देसूद, एकामागून एक बोटं दुमडत. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव. संध्याकाळी तिला परत आणलं तेव्हा ती काही सांगत नव्हती.

बाबा मुंबईहून आले. ते तिथे एका कचेरीत शिपाई होते. वाडीतली माणसं जमली, वंदना झाली, जलदान विधी झाला. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर मेणबत्त्या लावल्या, त्यांचं मेण तसंच फळीवर ओघळून राहिलं. बाबांची रजा संपली, ते गेले. आई, कमलाबाई, चुलीपाशी बसून राहिली. ती रडत नव्हती, पण घासही उचलत नव्हती.

मग एका सकाळी ताईच्या मोबाइलवर फोन आला. महेंद्रने उचलला.

बाईचा आवाज होता, गोड, घाईतला. आधी इंग्रजी, मग हिंदी. आम्रपालीजींची शेवटची मुलाखत उद्या अकराला, त्या हजर राहतील ना, एवढंच पक्कं करायचं होतं.

महेंद्रच्या तोंडात शब्द होता. गेली. दोन अक्षरांचा शब्द. तो अजून त्याने कुणालाच सांगितला नव्हता, सगळ्यांना दुसऱ्याच कुणीतरी सांगितला होता. पण तो म्हणाला, "यस. यस मॅडम. ती रेडी आहे."

"वेरी गुड," बाई म्हणाली.

फोन ठेवल्यावर त्याला बरं वाटलं. उद्या अकरापर्यंत का होईना, जगात एक माणूस असं होतं की ज्याच्या लेखी ताई जिवंत होती, केस विंचरत होती, तयारी करत होती.

दुसऱ्या दिवशी अकराला तो मुद्दाम दुकानात राहिला. ट्रकचा टायर उघडून बसला. ताईचा मोबाइल घरी मधल्या खोलीत होता. वाजला की नाही, कोण जाणे.

३

त्या दुपारी घरी आला तर मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत मशीन चालू होतं.

खटर खटर, खटर खटर.

आई शिवायला बसली, हे पहिलं त्याच्या मनात आलं, आणि त्याला एवढा आनंद झाला की तो चपलेसकट पडवी चढला. "आई, काय शिवतेस गो?"

"काय झाला रे?" आईचा आवाज मागीलदारातून आला, विहिरीकडून.

मशीनचा आवाज थांबला. महेंद्रने दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. खिडकी बंद. चाक स्थिर. खुर्ची मशीनमागे, स्टूल समोर, सगळं जागच्या जागी. फक्त मशीनवर ताईने अंथरलेली जुनी चादर व्यवस्थित घडी घालून बाजूला ठेवलेली होती, आणि पायडलवरची आठवड्याभराची धूळ मधोमध पुसली गेली होती.

उंदीर, त्याने ठरवलं. उंदीर धूळ पुसतात. चादरीची घडी आईने घातली असेल. त्याने मशीनचा चामडी पट्टा काढला आणि खिळ्याला टांगला. पट्टा नसला की पायडल कितीही मारा, वरचं चाक फिरत नाही.

हौसाकाकी मासळीची पाटी घेऊन आली होती. ती खालच्या वाडीतली. पाटी उतरवता उतरवता ती आईला म्हणाली, "कमळे, एक सांगू? राग नको मानू. तुमच्यात कावळ्याला ठेवत नाय, काय नाय. पोरीने जायचा तरी कसा, वाट कोण दाखवणार तिला?"

"काकी," महेंद्र पडवीतून म्हणाला, "बांगडे वीक. अक्कल विकू नको, ती कालची आहे."

"बघ गो कसा बोलतो! मी तुझ्याच भल्याचा बोलतंय."

"आम्ही असलं मानत नाही."

"तुम्ही नाय मानलात म्हणून काय झाला," काकी म्हणाली आणि बांगडे मोजायला लागली.

त्याने बाबांना फोन लावला. आवाजाचं सांगितलं, चादरीचं नाही सांगितलं. 

"महेंद्र, आपण शिकलेली माणसं आहोत," ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, आवाज खाली आला. "तू नाही शिकलास, पण घर शिकलेलं आहे. भूतबित काही नसतं. उंदराचं औषध आण."

त्याने औषध आणलं, भिंतीच्या कडेने ठेवलं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याच्या हातातला घास हातातच राहिला.

खटर खटर.

समोर आई बसली होती. तिने मान वर केली नाही. तिने फक्त पदर डोक्यावरून सारखा केला, घरात कुणी मोठं माणूस आल्यावर करावा तसा.

४

महेंद्र घाबरला, हे खरं. पण घाबरण्याच्या खाली दुसरंच काही होतं, ते भीतीहून मोठं होतं. आत ताई होती. लाकडाच्या एका फळीपलीकडे.

त्याने दार ढकललं. कालच्यासारखं ते उघडलं नाही. आतून कडी होती.

"ताई!"

पायडल थांबलं नाही. त्याने दारावर थापा मारल्या, लाथ मारली. पायडल चालूच. ना जोरात, ना हळू. कंटाळलेल्या माणसाने पाय हलवावा तसं.

तेव्हा त्याला समजलं. ही चाल त्याचीच होती. बाहेर कुणीतरी उभं आहे हे माहीत असून आतल्याने असंच करायचं असतं. थांबवून ठेवायचं असतं.

तो बाकड्यावर बसला. ऊन पडवीतून सरकत गेलं, दुकानातून शेठचे फोन येऊन गेले. तिन्हीसांजेच्या आधी कधीतरी आवाज बंद झाला. त्याला आत घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेलाच नाही. सकाळी अंघोळ केली, नखातलं काळं काडीने काढलं, बाबांचा पांढरा शर्ट घातला. तो खांद्यात ढगळ होत होता, म्हणून आत खोचला. आई ओटीवर बसून बघत होती. ती काही विचारत नव्हती, तेच त्याला खटकलं. वेड्यासारखं काय चालवलंयस, असं तिने म्हणायला हवं होतं.

ऊन चढलं तसा आवाज सुरू झाला. महेंद्र उठला. ताई वाजवायची तसं बोटाच्या पेराने दार वाजवलं, हलकेच.

पायडल थांबलं.

"कम इन."

तिचाच आवाज होता. फक्त त्यातलं ऊन काढून घेतल्यासारखा.

दार हाताएवढं उघडलं. आत खिडकी बंद होती, तरी इतका अंधार असायला नको होता, बाहेर कौलं तापली होती. तो चाचपडत स्टुलावर बसला. मुलाखतीत नजर खाली ठेवायची नाही, ताई म्हणायची, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. महेंद्रला मान वर करता आली नाही. त्याला मशीनच्या खालचं तेवढं दिसत होतं. लोखंडी जाळीचं पायडल, आणि त्यावर पाय.

पाय पुन्हा हलायला लागले. दोन्ही एकदम खाली, दोन्ही एकदम वर. ते एकेकटे हलू शकत नव्हते. अंगठे एकमेकांना सुतळीने बांधलेले होते. गाठ महेंद्रचीच होती. तिला न्यायच्या आधी त्यानेच मारली होती, पंक्चरवाल्याची गाठ, न सुटणारी.

पट्टा भिंतीवर खिळ्याला लटकत होता, आणि डोक्यावर कुठेतरी चाक फिरत होतं.

"टेल मी अबाउट युवरसेल्फ."

"ताई, मी आहे."

"सो व्हॉट?"

"मी महेंद्र. तुझा मह्या. मी... तिठ्यावर दुकानात असतो."

"सो व्हॉट?"

 त्याने हात गुडघ्यांवर घट्ट धरले. काय सांगितलं म्हणजे तिला पटेल? काय सांगितलं म्हणजे ती त्याच्याकडे बघेल? "आई जेवत नाही गो. बाबांचा फोनवर आवाज ऐकवत नाही. मी त्या मॅडमला सांगितलं नाही तू गेलीस म्हणून. मी म्हटलं, रेडी आहे. मी तुला जाऊ दिलं नाही, ताई."

पायडल एकदाही अडखळलं नाही.

"सो व्हॉट?"

महेंद्र रडायला लागला. आवाज दाबायचा प्रयत्न केला, पण तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला, शर्टाच्या बाहीला नाक पुसत. तो म्हणत राहिला, मला घे, मला तुझ्याकडे घे, मी काही बोलणार नाही, कोपऱ्यात बसेन. दया दाखवायची नसते हे त्याला माहीत होतं. त्यानेच पाठ केलं होतं.

"थँक यू," आवाज म्हणाला.

तो हलला नाही.

"पुढचं माणूस पाठव."

हे वाक्य ताईने त्याला कधी शिकवलं नव्हतं.

५

तो बाहेर पडवीत आला तेव्हा बाकड्यावर आई बसली होती.

तिने अंघोळ केली होती. केस विंचरून घट्ट अंबाडा बांधला होता. जलदानाच्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं पुन्हा नेसली होती. गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

"आई, ऊठ."

"नंबर आलाय माझा."

"कसला नंबर? ऊठ तू. आपण बाबांकडे जाऊ, आत्ताची गाडी मिळेल."

"तुझा झाला ना? मग बाजूला हो." ती त्याच्याकडे बघून हसली. ताई गेल्यापासून पहिल्यांदा. "नाक पूस, रे. असा कोण जातो का तिच्यासमोर?"

महेंद्रने दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली, कडीला गोठ्याचं कुलूप लावलं आणि चावी विहिरीत फेकली. चावी पाण्यात पडल्याचा आवाज आला तेव्हा त्याला पुन्हा थोडी अक्कल आली. आईला दोन्ही दंडांना धरून त्याने ओटीवर आणून बसवलं. ती कशालाही नको म्हणाली नाही. तिचं वजनच नव्हतं. किती दिवस जेवली नव्हती. त्याने भात कालवला, घास तिच्या तोंडापाशी नेला. तिने तोंड फिरवलं, बाकड्याकडे बघत राहिली.

खालून हौसाकाकीची हाक आली. "कमळे, गो! मासळी ठेवू काय?"

"नको!" महेंद्र ओटीच्या टोकाला जाऊन ओरडला. "आज नको!"

"नको तर नको, खातोस कशाला माणसाला!"

तो मागे वळला. ओटीवर भाताचं ताट होतं. आई नव्हती.

कुलूप जागच्या जागी होतं. कडी घातलेली होती. आणि आतून आईचा आवाज येत होता.

ती बोलत होती. बोलत होती आणि मध्येच हसत होती. महेंद्रने दाराला कान लावला. शब्द कळत नव्हते, पण चाल कळत होती. लेक माहेरी आल्यावर आया बोलतात तशी, थांबा न घेता, एकात दुसरं गुंफत. मध्ये दुसरा आवाज हूं म्हणायचा, आणि काहीतरी विचारायचा, आणि आई पुन्हा सुरू. एकदाही तिला कुणी तोडलं नाही. त्याच्या वाट्याला आलेलं ते वाक्य एकदाही आलं नाही.

तो धावत जाऊन दुकानाची टॉमी घेऊन आला, टायर उकलायची लोखंडी पहार. कुलूप तुटलं नाही, पण चिऱ्यातून कोयंडा उखडून आला, मातीसकट.

खोलीत खिडकीतून ऊन आलं होतं. आई स्टुलावर बसली होती, मशीनकडे तोंड करून. मशीनमागची खुर्ची थोडी मागे सरकलेली होती, कुणी उठून जाताना सरकते तेवढी. आईचा उजवा हात पुढे होता, हात मिळवताना असतो तसा, आणि तो हळूहळू खाली येत होता. समोरचं कुणीतरी तो नुकताच सोडत होतं.

ती वळली. तिचा चेहरा एखाद्या मुलीसारखा झाला होता.

"मला घेतलान रे," आई म्हणाली.

६

महेंद्रने मशीन अंगणात काढलं आणि टॉमीने फोडलं. चाक घरंगळत आंब्याखाली गेलं. आई ओटीवर बसून बघत होती, दुसऱ्या कुणाच्या वस्तूकडे बघावं तशी.

"उगाच फोडलंस," ती म्हणाली. "त्यांच्याकडे हायत टेबलं."

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि पोटभर जेवली. इतक्या दिवसांत प्रथमच. बांगड्याचं तिखलं उरलं होतं, ते पुसून खाल्लं. महेंद्र दारात उभा राहून बघत होता. हेच तर त्याला हवं होतं. तिने जेवावं म्हणून त्याने काय काय केलं होतं.

"कधी जायचंय?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"सोमवारी रुजू व्हायचा."

"कुठे?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. शाळेत नववीच्या मास्तरांनी दुसऱ्यांदा निकाल सांगताना असंच पाहिलं होतं. रागाने नव्हे. "ता तुला कसा सांगणार मी?"

"मी बाबांना बोलावलंय. ते निघालेत. बाबा आले की तू कुठेही जाणार नाहीस."

"येऊ देत. भेट होईल."

तिने ताट घासलं, पालथं घातलं, हात पदराला पुसले. महेंद्र तिच्यामागे मागे जात होता, या खोलीतून त्या खोलीत, लहानपणी जायचा तसा. एवढा वेळ त्याने धरून ठेवलेला प्रश्न शेवटी त्याने विचारलाच.

"ताई माझ्याबद्दल काय बोलली?"

आई आठवायला लागली. मनापासून आठवायला लागली. तिला त्याला काहीतरी द्यायचं होतं, हे दिसत होतं.

"तुझा नाव नाय काढलान," ती म्हणाली.

बाहेर हायवेवरून गाड्या जात होत्या. दिवस चांगला वर होता. आईने तांदळाचा डबा फडताळातून खाली काढला, झाकण उघडलं आणि भांडं त्याच्या हातात दिलं.

"इकडे ये. भात शिकून घे. तुझ्या बापाला येत नाय, तुला तरी यायला हवा. दोन वेळा धुवायचा. तिसऱ्यांदा धुतलास तर चव जाते. मग पाणी घाल. घाल ना. आता बोट बुडव, तांदळाला टेकव. पहिल्या पेरापर्यंत पाणी आला की थांबायचा."

महेंद्रने बोट बुडवलं. त्याच्या नखात अजून थोडं काळं राहिलं होतं, ते पाण्यात पसरलं. आईने वाकून पाहिलं, त्याचं बोट धरून सरळ केलं, आणि पाठीवर हात ठेवला.

"बरोबर," ती म्हणाली. "जमेल तुला."